पेनड्राइव्हचं सील कुणी लावलं?

एक सोप्पा प्रश्न. तुमच्या ऑफिस बॅगच्या त्या कधीच न उघडणाऱ्या कप्प्यात एखादा पेनड्राइव्ह पडलाय का? असणारच. आता सांगा, त्यात नेमकं काय काय आहे? जुनं प्रेझेंटेशन, कुणाच्या तरी लग्नाचे फोटो, कलीगने 'अरे, जरा कॉपी करून दे ना' म्हणत टाकलेलं एक फोल्डर, आणि त्या फोल्डरच्या पोटात...? माहीत नाही ना?

आता जरा अवघड प्रश्न. समजा, तो पेनड्राइव्ह कुणी तुमच्याकडून घेतला आणि आठ दिवसांनी सांगितलं, 'यात ही फाइल सापडली.' ती फाइल तुमची, त्या कलीगची, की त्या आठ दिवसांत कुणी टाकलेली? हे ठरवायचं कसं आणि कुणी?

टेन्शन आलं? यायलाच हवं. कारण टीव्हीवरच्या डिटेक्टिव्ह सिरीयल्सनी आपल्या डोक्यात एक भन्नाट फंडा घुसवून ठेवलाय. जाड चष्म्याचा एक स्मार्ट पोरगा कीबोर्डवर टकटक करतो, स्क्रीनवर हिरवी अक्षरं पळतात आणि जाहिरातींचा ब्रेक संपेपर्यंत आरोपी जेरबंद! खऱ्या आयुष्यात कॉम्प्युटरमधला पुरावा टकटक करून सिद्ध होत नाही. तो सिद्ध होतो पंचनाम्याने, सीलने, सहीने आणि एका लांबलचक आकड्याने. त्यात कुठे ढिलाई झाली, तर पुढची दहा-दहा वर्षं कोर्टात जातात. आणि ती आयुष्यातून वजा होतात.

यातला सगळ्यात मोठा धडा मिळाला तो मुंबई-पुण्याच्या आयटी पार्कमधून नाही, तर पार गडचिरोलीच्या जंगलातून.

अहेरी बस स्टँड ते हायकोर्ट

गडचिरोली म्हटलं की आपल्याला आठवतं आलापल्लीचं सागवान, हेमलकसा आणि पेपरातल्या चकमकीच्या बातम्या. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरमधून वेगळा झालेला हा जिल्हा. इथे पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. तर अशा या जिल्ह्यात अहेरीच्या बस स्टँडवर २२ ऑगस्ट २०१३ रोजी पोलिसांनी तिघांना पकडलं. पोलिसांचं म्हणणं असं, की त्यांच्यातल्या दिल्लीच्या एका विद्यार्थ्याकडे १६ जीबीचं मेमरी कार्ड मिळालं आणि ते माओवाद्यांपर्यंत पोचवायचं होतं. नखाएवढी वस्तू. पण तपासाचा धागा त्या नखाएवढ्या वस्तूवरून थेट दिल्लीला पोचला.

१२ सप्टेंबर २०१३ ला दिल्ली विद्यापीठात इंग्रजी शिकवणारे प्राध्यापक जी. एन. साईबाबा यांच्या घराची झडती झाली. साईबाबा ९० टक्के अपंग, व्हीलचेअरवर. घरातून हार्ड डिस्क, पेनड्राइव्ह, सीडी असं बरंच काही जप्त झाल्याचं पोलिसांनी सांगितलं. मे २०१४ मध्ये त्यांना अटक झाली. ७ मार्च २०१७ रोजी गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने ८२७ पानांचा निकाल दिला. साईबाबांसह पाच जणांना जन्मठेप, सहाव्याला दहा वर्षं. आणि या निकालाचा मोठा डोलारा कशावर उभा होता? बंदुकीवर नाही, स्फोटकांवर नाही. जप्त केलेल्या डिजिटल मुद्देमालातून निघालेल्या फाइलींवर.

पुढचा प्रवास एखाद्या थ्रिलरपेक्षा कमी नाही. १४ ऑक्टोबर २०२२ ला मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने सगळ्यांना सोडलं. कारण होतं, यूएपीए कायद्याखाली खटला चालवायला लागणारी मंजुरी नीट घेतली नव्हती. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, सुप्रीम कोर्टाने खास बसून त्या निकालाला स्थगिती दिली. एप्रिल २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की प्रकरण पुन्हा पहिल्यापासून ऐका. मग ५ मार्च २०२४ ला न्या. विनय जोशी आणि न्या. वाल्मीकी मेनेझिस यांच्या खंडपीठाने २९३ पानांचा निकाल दिला. पुन्हा सगळे निर्दोष!

आता या निकालात आपल्या कामाचं काय आहे, ते बघा. मंजुरीचा मुद्दा तर होताच. पण कोर्टाने स्पष्ट सांगितलं, की साईबाबांच्या घरातून तो मुद्देमाल जप्त झाला हेच पोलीस सिद्ध करू शकले नाहीत. आणि जो इलेक्ट्रॉनिक पुरावा दिला, तो पुरावा कायदा आणि आयटी कायदा यांत सांगितल्याप्रमाणे सिद्ध झाला नाही. झडतीसाठी जो पंच घेतला होता, त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. जागा कुठली? विद्यापीठाचा परिसर! जिथे दगड मारला तर पीएच.डी.ला लागेल, तिथे हार्ड डिस्क आणि पेनड्राइव्हच्या यादीवर सही करायला नेमका तोच माणूस मिळाला. यात त्या बिचाऱ्या पंचाचा काय दोष? पण उद्या कोर्टात त्याला विचारलं, की 'हीच ती हार्ड डिस्क का?', तर तो काय सांगणार?

कोर्टाने आणखी एक गोष्ट सांगितली आणि ती आपल्यासारख्या दिवसभर नेटवर पडीक असणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. एखाद्या विचारसरणीचं साहित्य इंटरनेटवर ढिगाने मिळतं. ते नुसतं डाऊनलोड करणं, वाचणं म्हणजे दहशतवादी कृत्य नव्हे. त्या माणसाचा एखाद्या प्रत्यक्ष घटनेशी संबंध दाखवावा लागतो.

राज्य सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. ११ मार्च २०२४ ला कोर्टाने निकालाला स्थगिती द्यायला नकार दिला. त्याआधी, ७ मार्चला, साईबाबा नागपूरच्या जेलमधून बाहेर आले होते. तारीख पुन्हा वाचा. शिक्षा ७ मार्च २०१७, सुटका ७ मार्च २०२४. मोजून सात वर्षं. त्याच्या आधीचे अंडा सेलमधले महिने वेगळेच. १२ ऑक्टोबर २०२४ ला हैदराबादच्या हॉस्पिटलमध्ये ते गेले. सहा आरोपींपैकी एक, गडचिरोलीतलाच एक आदिवासी तरुण, तर दुसरा निकाल ऐकायलाही उरला नव्हता. ऑगस्ट २०२२ मध्ये कैदेत असतानाच आजारपणाने तो वारला.

इथे कुणी म्हणेल, 'म्हणजे तुम्ही नक्षलवाद्यांच्या बाजूचे?' अजिबात नाही बॉस. गडचिरोलीत कितीतरी पोलीस आणि कितीतरी आदिवासी या हिंसेत मेलेत, ही काही कथा-कादंबरी नाही. उलट मुद्दा तोच आहे. आरोपी खरा असो की खोटा, पुरावा ढिला असेल तर दोघांचंही नुकसान. निर्दोष असेल तर तो वर्षानुवर्षं आत सडतो. दोषी असेल तर तो पंचनाम्यातल्या भोकातून आरामात बाहेर पडतो. आणि आपण चहाच्या टपरीवर कोर्टाला नावं ठेवत बसतो.

त्या लांबलचक आकड्याची गोष्ट

आता जरा टेक्निकल. घाबरू नका, दोन मिनिटांत होईल.

खुनातला सुरा आणि पेनड्राइव्ह यांत फरक काय? सुरा कपाटात ठेवला तर सहा महिन्यांनीही सुराच राहतो. पेनड्राइव्ह मात्र नुसता कॉम्प्युटरला लावला तरी बदलतो! तुम्ही एकही फाइल उघडली नाही तरी विंडोज आपलं आपण त्यात एखादं लपलेलं फोल्डर बनवू शकतं, तारखा-वेळा बदलू शकतं. लॅपटॉप नुसता सुरू करा, शेकडो फाइलींवर नवी वेळ चढते. 'जरा बघू तरी काय आहे' म्हणत उत्साही हवालदाराने किंवा तुमच्या ऑफिसातल्या आयटीवाल्याने माऊस हलवला, की झालंच कल्याण.

म्हणून नियम असा, की मूळ वस्तूला हात लावायचा नाही. 'राइट ब्लॉकर' नावाचं एक उपकरण मध्ये लावायचं. ते वाचू देतं, लिहू देत नाही. मग सगळ्या डिस्कची हुबेहूब प्रत काढायची. डिलीट केलेल्या फाइलींचे अवशेष, रिकाम्या जागा, सगळ्यासकट. तपास करायचा तो या प्रतीवर. मूळ वस्तू सील करून ठेवून द्यायची.

आणि हुबेहूब आहे हे कळणार कसं? इथे एन्ट्री होते आपल्या हीरोची. त्याचं नाव हॅश व्हॅल्यू. अख्ख्या डिस्कमधला डेटा एका गणिती सूत्रातून काढला, की एक ठरावीक लांबीचा आकडा-अक्षरांचा कोड मिळतो. एमडी-फाइव्ह पद्धतीत ३२ अक्षरी, एसएचए-२५६ मध्ये ६४ अक्षरी. डिस्क ५०० जीबीची असो की दोन जीबीची, कोडची लांबी तीच. पण आतला एक स्वल्पविराम जरी बदलला, तरी कोड पूर्ण वेगळा. समजा, जप्तीच्या वेळी पंचांसमोर हा कोड काढून पंचनाम्यात लिहिला. दोन वर्षांनी कोर्टात पुन्हा काढला आणि तो जुळला, तर मधल्या काळात कुणी हात लावला नाही हे सिद्ध. नाही जुळला, तर कुणीतरी हात लावलाय. लाखेचं सील फोडून परत लावता येईल एक वेळ, हा कोड नाही. एमडी-फाइव्ह आता जुनाट झालंय, म्हणून जाणकार एसएचए-२५६ चा आग्रह धरतात.

पण एक मोठ्ठा 'पण' आहे. हॅश व्हॅल्यू हमी देते ती जप्तीनंतरची. जप्तीच्या आधी ती फाइल कुणी टाकली, याबद्दल ती चकार शब्द काढत नाही. भीमा-कोरेगाव प्रकरणात नेमका हाच वाद झाला. पुणे पोलिसांनी एप्रिल २०१८ मध्ये रोना विल्सन यांच्या दिल्लीतल्या घरातून लॅपटॉप नेला. बचाव पक्षाने त्याची प्रत अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या प्रयोगशाळेला तपासायला दिली. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिचा अहवाल बाहेर आला. तो म्हणतो, की नेटवायर नावाचा मालवेअर ईमेलमधून लॅपटॉपमध्ये घुसवला गेला आणि महत्त्वाची पत्रं बाहेरून त्यात ठेवली गेली. एनआयएने हे मान्य केलं नाही. कोण बरोबर, ते कोर्ट ठरवेल. आपल्यासाठी धडा एवढाच, की 'तुझ्या लॅपटॉपमध्ये सापडलं' आणि 'तू लिहिलंस' ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

जालन्याची सीडी

आता गडचिरोलीतून थेट मराठवाड्यात. कारण देशभरातली कोर्टं डिजिटल पुराव्यासाठी ज्या केसचा दाखला देतात, ती आहे आपल्या जालन्याची!

२०१४ ची विधानसभा निवडणूक. जालन्यात अर्जुन खोतकर यांनी कैलास गोरंट्याल यांना २९६ मतांनी हरवलं. गोरंट्याल कोर्टात गेले. म्हणाले, २७ सप्टेंबर २०१४ ला अर्ज भरायची मुदत दुपारी तीनला संपली, यांनी त्यानंतर भरला आणि याचा पुरावा खुद्द निवडणूक अधिकाऱ्याच्या ऑफिसातल्या व्हिडिओ कॅमेऱ्यात आहे. सीडी मिळाल्या. पण पुरावा कायद्याचं कलम ६५-ब सांगत होतं, की इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डची कॉपी दिलीत तर सोबत सर्टिफिकेट हवं. कुठल्या मशीनमधून काढली, मशीन नीट चालत होतं का, वगैरे. गोरंट्याल सर्टिफिकेट मागून मागून थकले. साहेब लोक देईनात!

नोव्हेंबर २०१७ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने निवडणूक रद्द ठरवली. मामला सुप्रीम कोर्टात गेला. १४ जुलै २०२० ला न्या. रोहिंटन नरिमन यांच्या पीठाने निकाल दिला. सर्टिफिकेट हवंच, त्यात पळवाट नाही. मूळ मोबाइल किंवा लॅपटॉपच मालकाने साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून दाखवला तर गोष्ट वेगळी. आणि माणसाने सगळे प्रयत्न करूनही समोरचा सर्टिफिकेट देतच नसेल, तर कायदा अशक्य गोष्टीची सक्ती करत नाही. गोरंट्याल जिंकले. फक्त तोवर २०१९ ची निवडणूकही होऊन गेली होती आणि ती गोरंट्याल यांनी मतांवरच जिंकली होती. याला म्हणतात टायमिंग!

नवा कायदा, जुनी सवय

१ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. ६५-बचं काम आता कलम ६३ करतं. त्यातल्या सर्टिफिकेटचे दोन भाग आहेत. एक पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. आणि दोन्हीत हॅश व्हॅल्यू लिहायची जागा छापलेलीच आहे. जी गोष्ट कालपर्यंत सेमिनारमध्ये सांगितली जायची, ती आता फॉर्ममध्ये आली. शिवाय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ शूटिंग करायचं आणि ते लवकरात लवकर मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचं. विचार करा, २०१३ मध्ये हे सगळं असतं तर? कदाचित शिक्षा कायम राहिली असती. कदाचित पहिल्याच वर्षी सगळे सुटले असते. काहीही झालं असतं, पण अकरा वर्षं लागली नसती.

कागदावर तर सॉलिड आहे. पण कागद चालवायला माणसं लागतात. आयटी कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास इन्स्पेक्टरच्या खालच्या अधिकाऱ्याला करता येत नाही. आणि जंगलातल्या पोलीस मदत केंद्रात बऱ्याचदा पीएसआयच मोठा साहेब असतो. जिथे पावसाळ्यात रस्ता आणि रेंज दोन्ही जातात, तिथे राइट ब्लॉकर, रिकाम्या हार्ड डिस्क, सीलबंद पाकिटं आणि ते वापरता येणारा शिपाई, हे सगळं पोचवावं लागेल. ड्रोन आणि बुलेटप्रूफ जॅकेटचे फोटो पेपरात येतात. राइट ब्लॉकरचा फोटो कोण छापणार? पण खटला टिकतो तो त्याच्यावर.

आणि आपण?

तुम्ही म्हणाल, 'हे सगळं ठीक आहे, पण मला काय त्याचं? मी बापडा सकाळी नऊची लोकल पकडतो आणि रात्री नऊला घरी येतो.' तर मंडळी, डिजिटल पुरावा फक्त यूएपीएत लागतो असं थोडंच आहे? अकाउंटमधून पैसे गेले, ऑफिसमध्ये कुणी घाणेरडे मेसेज पाठवले, घटस्फोटाच्या केसमध्ये कुणी चॅट दाखवले, कंपनीने डेटा चोरल्याचा आळ घेतला... सगळीकडे प्रश्न तोच. हा पुरावा खरा कशावरून? आणि आपण पहिल्या पाच मिनिटांत नेमकी तीच चूक करतो. रागाने चॅट डिलीट, घाबरून फोन रिसेट.

म्हणून हे कापून डेस्कवर चिकटवा.

एक : पैसे गेले तर आधी १९३० ला फोन. सोबत राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार. व्यवहाराचा नंबर आणि वेळ हाताशी ठेवा. पैसे गोठवायचे तर मिनिटं महत्त्वाची असतात.

दोन : स्क्रीनशॉट जरूर काढा, पण तो पुरावा म्हणून एकटा फार लंगडा. दोन मिनिटांत कुणीही खोटा बनवतो. मूळ मेसेज, मूळ फोन, मूळ ईमेल जपून ठेवा. ईमेल फॉरवर्ड करू नका, पूर्ण हेडरसकट सेव्ह करा.

तीन : सीसीटीव्ही हवा असेल तर आजच लेखी मागा. सोसायटी असो वा मॉल, जुन्या रेकॉर्डिंगवर काही दिवसांत नवं चढतंच. मागणीची पोच घ्या. जालन्याची गोष्ट आठवा, मागितल्याचा कागद हाही पुरावाच.

चार : ऑफिसमध्ये काही घडलं आणि लॅपटॉप संशयाच्या घेऱ्यात असेल, तर 'आमचा आयटीवाला बघतो जरा' हे वाक्य कुणाला बोलू देऊ नका. आधी डिस्कची प्रत आणि हॅश, मग बघाबघी.

पाच : तुमचाच फोन किंवा लॅपटॉप जप्त होत असेल तर वाद घालू नका, पण यादीची प्रत मागा. ती मिळणं तुमचा हक्क आहे. यादीत मॉडेल, सिरीयल नंबर, आयएमईआय आहे का बघा. सील तुमच्यासमोर लागलं का, हॅश व्हॅल्यू लिहिली का, शूटिंग चालू आहे का, हे शांतपणे विचारा. नसेल तर तुमच्या सहीखाली तसं लिहा.

सहा : आणि कधी पोलिसांनी तुम्हाला पंच म्हणून बोलावलं, तर 'नको रे बाबा, कोर्टाची झंझट' म्हणून सटकू नका. हार्ड डिस्क आणि पेनड्राइव्ह यांतला फरक कळणारा, यादी वाचून सही करणारा पंच मिळणं, ही या देशातल्या एखाद्या निर्दोष माणसासाठी फार मोठी गोष्ट असते. आणि एखाद्या खऱ्या गुन्ह्याच्या बळीसाठीसुद्धा.

बाकी, बॅगेतल्या त्या पेनड्राइव्हचं तेवढं आज रात्री बघून टाका. ते अनोळखी फोल्डर कुणाचं आहे, हे कलीगला विचारायला कोर्टाचं समन्स कशाला हवं?